घरच्या जळणासाठी स्प्लिटर घेताना टन नंतर विचारा, आधी लाकूड बघा

औशाकडच्या एका भावांनी विचारलंय की घरी बंब आणि चूल दोन्ही चालू आहे, बांधावरच्या काही बाभळी आणि एक वाळलेला लिंब (कडुलिंब) तोडायचाय, वळवाच्या वादळात पडलेली जुनी चिंच पण तशीच आडवी पडून आहे, वडलांना आता कुऱ्हाड चालवणं होत नाही आणि फोडायला गडी मिळंना, दुकानदार म्हणतोय ३० टन जोराचं पेट्रोलवरचं स्प्लिटर, म्हणजे लाकूड फोडायचं मशीन, घेऊन टाका, घरात ट्रॅक्टर पण आहे, तर नेमकं काय घ्यावं. मी परभणीकडं हायड्रॉलिकची कामं करतो, टिपिंग ट्रॉलीचे जॅक, लोडरचे सिलिंडर, आणि बऱ्याच वर्षांपासून लाकूड फोडायची मशिनं बनवणं आणि दुरुस्त करणं पण चालूच आहे, गुऱ्हाळवाल्यांची, मंगल कार्यालयात स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांची आणि घरगुती पण. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सावकाश वाचा.

आधी सरळ सांगतो भाऊ, तुम्हाला ३० टनाचा जोर लागत नाही. हिशोब करून बघा. घरचा बंब आणि चूल मिळून दिवसाला पाच-सहा किलो जळण धरलं तर वर्षाला दोन टन वजनाच्या आसपास लाकूड जातंय. दोन टन म्हणजे तेरा-चौदा किलोचे दीडशेएक ओंडके. एका ओंडक्याला चार वेळा दाबावं लागलं तर सहाशे स्ट्रोक झाले, आणि साध्या १० टनाच्या मशीनला पुढं जाऊन मागं यायला ४० सेकंद लागत असले तरी हे सगळं काम सात तासाचं आहे. उचलणं ठेवणं धरून दोन दिवस. म्हणजे वर्षातून दोन दिवस जे मशीन चालणार आहे त्याच्यासाठी तुम्ही इंजिन, कार्बोरेटर, एअर फिल्टर आणि उरलेले ३६३ दिवस टाकीत सडणारं पेट्रोल सांभाळायला बघायलाय. शेजारपाजारची चार घरं मिळून घेणार असाल तर गोष्ट वेगळी, आणि खरं तर तसंच घ्यावं असं माझं मत आहे, पण तेव्हा सुद्धा ३० टन नको.

आता लाकडाचं. माझ्याकडं येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा "किती टनाचं" हेच विचारतोय आणि मी त्याला विचारतो की लाकूड कोणतं, ओलं का वाळलेलं आणि केवढ्या घेराचं. कारण मशीन कितीबी भारी आणलं तरी अर्धं काम लाकडाच्या वेळेवर आहे. बाभळीचा ओला ओंडका चांगल्या कुऱ्हाडीच्या दोन-तीन घावात उघडतो, तोच ओंडका वर्षभर उन्हात पडून राहिला की घण उसळून परत येतो. आपल्याकडं लोक काय करतात, झाड तोडलं की बुंधे वाड्याच्या कडेला टाकून देतात, म्हणतात वाळू द्या मग फोडू. हे उलटं आहे. बाभूळ, लिंब, सुबाभूळ, ही सगळी ओली असतानाच फोडायची आणि फोडलेली वाळवायची. न फोडलेल्या ओंडक्यातलं पाणी बाहेर पडायला दोन तोंडंच असतात, सालीतून फार कमी जातंय, त्यामुळं दीड फूट जाडीचा बुंधा वर्ष झालं तरी आतून ओलाच. फोडलं की सगळ्या बाजू उघड्या होतात. दिवाळीनंतर तोडायचं, आठ-पंधरा दिवसात फोडायचं आणि रचून ठेवायचं, मधी आपला उन्हाळा एवढा कडक की मृग लागायच्या आत ते जळण मस्त तयार होतंय. दोन फाटी एकमेकांवर आपटून बघा, टणटण वाजलं तर वाळलं, भद्द आवाज आला तर अजून ओलं. चांगल्या जळणात ओल २० टक्क्यांच्या आत पाहिजे. ४० टक्के ओल म्हणजे दहा किलो लाकडात चार किलो पाणी आहे, बंबाखाली आधी ते पाणी उकळून वाफ होणार आणि मग तुमचं पाणी तापणार, वरून धूर घरभर आणि बायामाणसांचे डोळे लाल. हिवाळ्यात परभणीला पारा पार खाली जातो, २०१८ च्या डिसेंबरात २ अंशावर आला होता, अशा सकाळी ओलं जळण घेऊन बंब पेटवायला बसणं किती जिवावर येतं ते ज्याचं त्याला माहीत.

जातीजातीत फरक आहे. सुबाभूळ सगळ्यात सोपी, सरळ चिरते. बाभूळ सरळ बुंध्याची असली तर सोपी, पण जिथं फांदी फुटली तिथली गाठ महाबेकार, तिच्यातून मशीनचं पातं सुद्धा वाकडं होऊन निघतंय. लिंब मध्यम, पण जुन्या लिंबाच्या शिरा वळणं घेत जातात म्हणून तो चिरत नाही, फाटतो, तंतू लोंबत राहतात. निलगिरीचं पण जुनं झाड असंच पिळदार. आंबा दिसायला जाड पण फार त्रास देत नाही. चिंच मात्र वेगळीच गोष्ट, तिचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, १५ टनाच्या मशीनला पण ती घाम फोडते, तिच्याबद्दल शेवटी बोलतो. आणि येडी बाभळ, जी आपल्याकडं नाल्यानाल्याला, गायरानाला माजलीय, ती फोडायची गरजच नसते, ती वाकडी-तिकडी पण मनगटापासून पोटरीएवढी जाड, तिला फक्त कापायचं. निखारा एक नंबर देते. काटे मात्र सांभाळून, मशीनची चाकं हवेची असली तर पंक्चर ठरलेलं, म्हणून मी तरी घट्ट रबराचीच चाकं बसवतो.

ह्यातून एक गोष्ट निघते जी बरेच जण विसरतात. चार इंचापेक्षा बारीक लाकूड फोडायचं नसतं, कापायचं असतंय. बंबाला तर आठ-दहा इंचाचे तुकडेच लागतात. म्हणजे तुमचा खरा वेळ फोडण्यात जायलाय का कापण्यात ते एकदा बघा. बऱ्याच घरी गेल्यावर मला दिसतंय की त्यांना स्प्लिटर नाही, एक बरी चेनसॉ आणि लाकूड धरायला इंग्रजी एक्स आकाराची घोडी पाहिजे होती. आधी ते घ्या, बांधावरच्या बाभळी तोडायला ती तशी पण लागणारच आहे. कापताना सगळे तुकडे एका मापाचे कापा, चुलीला दीड फूट, बंबाला दहा इंच, मग मशीनवर पण पटापट बसतात.

आता टनाचं. टन हा आकडा स्टिकरवर कोणीही छापतंय, पण सिलिंडर खोटं बोलत नाही. सिलिंडरच्या आतला व्यास, ज्याला आम्ही बोर म्हणतो, तो विचारा आणि प्रेशर किती बार ते विचारा. २०० बारला ६३ मिमी बोरचा सिलिंडर सहा-सव्वासहा टन देतो, ८० चा दहा टन, १०० चा सोळा टन आणि १२५ चा पंचवीस टन. एखादा म्हणाला की साहेब ८० बोर आहे आणि २५ टन देतंय तर त्याला प्रेशर विचारा, जवळपास ५०० बार निघेल, तेवढं साध्या गिअर पंपाला आणि असल्या पायपांना झेपतच नाही. दुकानात मशीन बघायला जाताना खिशात टेप ठेवा, सिलिंडरचा बाहेरचा व्यास मोजा, त्यातून दोन्ही बाजूच्या भिंतीचे पंधरा-वीस मिमी वजा केले की बोरचा अंदाज लगेच येतो.

आणि ताकद वाढवली की वेग जातो हे पण ध्यानात घ्या. पंपाचं तेल तेवढंच, सिलिंडर मोठा केला तर तो भरायला वेळ लागणारच. ३ एचपीच्या सिंगल फेज मोटरवर २०० बारला मिनिटाला साडेपाच लिटरच्या आसपास तेल मिळतंय. ८० बोर आणि दीड फुटाचा स्ट्रोक असला तर पुढं जायला चोवीस-पंचवीस सेकंद आणि मागं यायला अठराएक. ह्याच मोटरवर १०० बोर टाकला की नुसतं पुढं जायलाच ३८ सेकंद. माणूस वैतागतो आणि मग घाईत हात घालतो. दोन स्टेजचा पंप मिळाला तर तोच घ्या, त्यात लाकूड लागेपर्यंत पातं झपाट्यानं येतं आणि अडकल्यावरच हळू होऊन पूर्ण जोर लावतं. थोडे पैसे जास्त जातात पण ते वसूल होतात.

घरगुतीला, बाभळीचं एक फूट जाडीचं लाकूड असलं तर १० टन भरपूर आहे. सुबाभूळच असली तर ६ टनात पण काम होतंय. १५-१६ टन गाठीच्या बाभळीला आणि जुन्या लिंबाला. त्याच्या पुढं घरी जायचं कारण नाही, ते गुऱ्हाळाचं आणि वखारीचं काम.

लाईटचा विषय मराठवाड्यात सोडून चालत नाही. मशीनवर २३० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि वाडी-वस्तीवर संध्याकाळी १८० येतंय. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गात कमी होते, म्हणजे १८० ला ती साठ टक्क्यांवर येते, मोटर गुरगुरते, पातं गाठीत अडकतं आणि वाइंडिंग जळतं. मग लोक मशीनला शिव्या देतात. खरेदीच्या आधी एक दिवस सकाळी, दुपारी, संध्याकाळी घरचं व्होल्टेज मीटरवर बघून घ्या. मीटरपासून वाड्याच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत लांब वायर न्यायची असली तर ४ चौरस मिमीची तांब्याची घ्या, पातळ एक्स्टेंशनवर मोटर चालवायची नाही. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) पाहिजेच, ओल्या लाकडाजवळ काम आहे. थ्री फेजवर चालवायचं म्हणून शेतीपंपाच्या कनेक्शनवर जोडायचा मोह होईल, करू नका, एक तर ती लाईट ठरावीक तासच आणि कधी रात्रीची येते, आणि दुसरं म्हणजे ज्या कामासाठी कनेक्शन दिलंय त्याच्याशिवाय दुसऱ्या कामाला वापरणं २००३ च्या वीज कायद्यात अनधिकृत वापर धरतात.

म्हणून भाऊ तुमच्या बाबतीत माझं मत ट्रॅक्टरचं आहे. घरात ट्रॅक्टर आहे म्हणजे पंप, इंजिन, तेल सगळं आधीच विकत घेतलेलं आहे, तुम्हाला फक्त सिलिंडर, फ्रेम, पातं आणि व्हॉल्व्ह लागतो. मागं थ्री पॉइंटला, म्हणजे अवजार जोडतो तिथं, जोडायचं, बांधावर जिथं झाड पडलंय तिथंच फोडायचं आणि ट्रॉलीत फाटे भरून घरी आणायचे, बुंधे ओढायची गरजच नाही. ट्रॅक्टरच्या लाईनला १५० बार मिळाले तरी १०० बोरचा सिलिंडर १२ टन देतो, तुमच्या बाभळी आणि लिंबाला तेवढं बास. एक अडचण येते ती आधीच सांगतो, तुमच्याकडं टिपिंग ट्रॉलीची जी पाईप आहे ती एकच असते, ती फक्त ढकलते, ट्रॉली वजनानं आपोआप खाली येते. स्प्लिटरचं पातं आपोआप मागं येत नाही, त्याला जायची आणि यायची अशा दोन पायपा आणि डबल ॲक्टिंग व्हॉल्व्ह लागतो. तो बसवून घ्यावा लागेल, मोठं काम नाही. दुसरं, बऱ्याच ट्रॅक्टरला गिअरबॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतंय, म्हणून कपलर (पायपांचा जोड) जोडताना फडक्यानं पुसायचा आणि काढला की टोपण लावायचं, एक चिमूट माती आत गेली तर स्प्लिटरचं नाही, ट्रॅक्टरचं नुकसान होणार. डिझेल जातंय, पण वर्षातून दोन दिवसाचं.

फ्रेम उभी करता येईल अशीच बनवून घ्या. दीड फूट जाडीचा आणि दीड फूट लांबीचा बाभळीचा ओला बुंधा सत्तर किलोच्या वर भरतो, तो कमरेएवढ्या उंचीवर उचलून ठेवायचा म्हणजे जे कंबरेचं दुखणं वाचवायला मशीन घेतलं तेच परत आलं. उभ्या मशीनखाली तो नुसता लोळवत आणायचा.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. स्क्रूवालं मशीन घेऊ नका. म्हणजे ते शंकूच्या आकाराचं, फिरणारं, मोटरला नायतर ट्रॅक्टरच्या पीटीओला (मागच्या फिरत्या दांड्याला) जोडलेलं, लाकूड टेकवलं की स्वतःच आत ओढून घेणारं. स्वस्त आहे, व्हिडिओत बघायला जोरदार वाटतंय, आणि गावात कोणी ना कोणी बनवून पण देतो. पण हायड्रॉलिकचा लिव्हर सोडला की पातं थांबतं, स्क्रू थांबत नाही. ओंडका अडकला की तो ओंडक्यालाच फिरवतो आणि ते सत्तर किलोचं लाकूड माणसाच्या पायावर येतं. त्यात आपल्याकडं काम करणारा उपरणं बांधलेला, लुंगीवर, बाई असली तर पदर आणि बांगड्या, एक टोक गुंडाळलं की माणूस आत. हातमोजे घातले तर ते पण ओढतो. मी असलं मशीन बनवत नाही, दुरुस्तीला पण घेत नाही. फुकट मिळालं तरी वाड्यात आणू नका.

हायड्रॉलिकवर बोटं जातात ती बहुतेक एकाच कारणानं, दोघं मिळून काम करतात, एक ओंडका धरतो आणि दुसरा लिव्हर दाबतो. घाईत दोघांचा इशारा चुकतो. एका वेळी मशीनवर एकच माणूस, त्यानंच लाकूड ठेवायचं आणि त्यानंच दाबायचं. दोन्ही हात लिव्हरवर असल्याशिवाय जे चालत नाही असंच मशीन घ्या, आणि त्यातला एक लिव्हर बांधून ठेवणाऱ्याला कामावर ठेवू नका. पातं पुढं जाऊन पाटाला टेकायला नको, इंचभर फट राहिली पाहिजे. लाकूड कधीच आडवं घालून दाबायचं नाही, ते चिरत नाही, फुटून उडतं. पायात बूट, डोळ्याला चष्मा. पाईपला बारीक गळती दिसली तर हातानं चाचपायचं नाही, २०० बारचं तेल कातडीतून सरळ आत जातं, वरून सुईचं टोचल्यासारखं दिसतं आणि आतून हात सडतो, पुठ्ठा फिरवून बघा आणि असं झालंच तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा. आणि रचलेल्या जळणात हात घालायच्या आधी काठीनं हलवा, विंचू असतोच, पावसाळ्यात घोणस पण बसलेली असते.

पाडलेल्या माळवदाच्या तुळया, खांब फोडायचे असतील तर आधी खिळे काढा, नायतर पात्याला दात पडणार आणि खिळा डोळ्यात उडणार. चांगला साग असला तर जाळू नका, सुताराला दाखवा.

कमी जळण लागत असेल, म्हणजे फक्त बंबच आहे, तर मशीनच नको. पाच किलोचा घण, दोन-तीन लोखंडी पाचरी आणि एक जड बोथट तोंडाची कुऱ्हाड ह्यात काम होतंय. ओंडक्यावर आधीच ज्या चिरा पडलेल्या असतात त्या धरून घाव घाला, आणि मोठा ओंडका असला तर मधोमध मारायचं नाही, कडेनं एकेक फाळ काढत यायचं. ओंडका जुन्या टायरमधे उभा केला की फाटे इकडं तिकडं उडत नाहीत आणि वाकून गोळा करावे लागत नाहीत. पाचरीचं डोकं घण खाऊन पसरलं की ग्राइंडरनं घासून घ्या, त्याचे कपचे गोळीसारखे उडतात. वयस्कर माणसाला किंवा घरातल्या बाईला बारीक ढलप्या काढायच्या असतील तर विळीसारखं एक साधन मिळतं, लोखंडी कड्याच्या आत पातं वर तोंड करून पक्कं बसवलेलं, लाकूड त्याच्यावर उभं धरायचं आणि वरून हातोडा मारायचा, पात्यापासून हात लांबच राहतो. न्यूझीलंडच्या आयला हचिन्सन नावाच्या शाळकरी मुलीनं ढलप्या काढताना आईचं बोट कापलं म्हणून हे बनवलं होतं. लाईट नाही, ट्रॅक्टर नाही अशा घराला हातानं पंप मारायचं १० टनाचं मशीन पण बरं पडतं, सावकाश चालतं पण आवाज नाही, खर्च नाही.

मशीन बनवून घेणार असाल तर पातं कमानपाट्याचं आणि फ्रेम किमान १५० मिमीच्या आय बीमची मागा. कमानपाट्याला गरम न करता वेल्डिंग मारलं की जोड तडकतो, म्हणून मारणाऱ्याला आधी हे विचारा, तो गडबडला तर दुसरा बघा. चार फाळ्यांचं पातं बाभळीला लावू नका, गाठीत अडकतं, सरळ दोन फाळीच ठेवा. तेल इलेक्ट्रिक मशीनला ६८ नंबरचं टाका, आपल्या ४२-४३ च्या उन्हात ४६ पातळ पडतं, पहिलं तेल आणि फिल्टर पन्नास तासाला बदला. काम झालं की सिलिंडरचा दांडा पूर्ण आत घेऊन मशीन झाकून ठेवा, चकचकीत दांड्यावर गंज धरला की सील गेलंच.

राहिली तुमची चिंच. महाराष्ट्राच्या १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यात चिंच, आंबा, साग, जांभूळ ही झाडं अनुसूचीत आहेत, तोडायला परवानगी लागते, तुमची वादळात पडलेली असली तरी कापून हलवायच्या आधी वनविभागाच्या ऑफिसला विचारून कागद करून घ्या. आणि तिचा बुंधा जळणात घालू नका. चिंचेचं लाकूड धागे गुंतलेलं म्हणूनच चिरत नाही, आणि म्हणूनच खाटकाचे ठोकळे आणि तेलाचे घाणे त्याचे बनवायचे. लाकूडघाण्याचं तेल काढणारे आता परत वाढलेत, त्यांच्याकडं नायतर सॉ मिलवाल्याकडं बुंधा दाखवा, जळणाच्या भावापेक्षा चांगलाच जाईल. फांद्या तेवढ्या चेनसॉनं दहा-दहा इंचाच्या कापून बंबाला ठेवा, त्या फोडायला मशीन लागणार नाही.